परसातील कोंबडीचा रस्सा आणि निवगऱ्या

(नांदगाव, ता. कणकवली येथे आषाढ महिन्यात महिला शेतकऱ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



लावणी बहुतेकांची आवरली आहे. श्रावण लागायला थोडेच दिवस राहिले आहेत आणि बाहेर पाऊस काही थांबत नाही. अशा दिवसांत कोकणातल्या घरात कोंबडी शिजतेच, तेव्हा तिच्याविषयीच बोलावे असे मी ठरवून आले. सुरुवातीला मी तुम्हाला विचारले, की घरी कोंबड्या किती आहेत? कोणी आठ सांगितल्या, कोणी पंधरा. मग विचारले, मागच्या वेळी कोंबडी केली तेव्हा तुमच्या ताटात तुकडे किती आले? त्यावर सगळ्या गप्प झालात. शेवटी एक आजी म्हणाल्या, "आमका रस्सो पुरे गो बाय." आजचे बोलणे त्या रश्शाबद्दलच आहे.

आपल्याकडे कोंबडी म्हटले की वडे आलेच. चाकरमानी आला, जावई आला, जत्रा आली की कोंबडी-वडे. ते बंद करा असे मी सांगणार नाही, सांगितले तरी कोणी ऐकणार नाही. पण वड्यांचे पीठ आधी दळून आणावे लागते, तळणाला तेल लागते आणि घरातली बाई तासभर कढईपुढून हलत नाही. शेवटचा वडा तळून ती जेवायला बसते तेव्हा टोपात खालचा रस्साच उरलेला असतो. म्हणून आज एक सोपा प्रकार सांगते. कोंबडीचा पातळ, कमी तिखट रस्सा करायचा आणि त्यातच तांदळाच्या उकडीच्या निवगऱ्या शिजवायच्या. सगळे एकाच टोपात तयार होते आणि सगळ्यांना एकत्र बसून गरम गरम जेवता येते.

प्रथम पक्ष्याबद्दल. दुकानातली ब्रॉयलर कोंबडी साधारण सहा आठवड्यांची असते. ती अर्ध्या तासात शिजते, पण तिचा रस्सा पाणचट लागतो. अंडी देऊन थकलेली, दोन-तीन वर्षांची गावठी कोंबडी किंवा खुराड्यात जास्त झालेला नर रश्शाला उत्तम. अशा पक्ष्याच्या सांध्यांत आणि कातडीत चिवट भाग जास्त असतो. तो मंद आचेवर हळूहळू विरघळतो आणि त्यानेच रश्शाला दाटपणा येतो. असा रस्सा गार झाला की थिजतो, हे तुम्ही पाहिलेच असेल. आठ-दहा माद्यांमागे एक नर पुरतो. बाकीचे नर चार-पाच महिन्यांचे झाले की विकावे किंवा खावे, त्यांना दाणे घालत राहू नये. विकायला हरकत नाही, या दिवसांत भावही बरा मिळतो. पण चार विकले तर एक घरासाठी ठेवावा.

आजारी पडलेला किंवा आपोआप मेलेला पक्षी कधीही खाऊ नये. तो खोल पुरून वर चुना टाकावा. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा लोकांनी भीतीने कोंबडीच सोडली होती. पूर्ण शिजलेल्या मांसात तो विषाणू टिकत नाही. धोका आजारी पक्षी हाताळण्यात आणि कच्चे मांस कापण्यात असतो. मांस कापलेली विळी साबणाने धुतल्याशिवाय तिच्यावर कांदा-कोथिंबीर चिरू नये.

आता कृती. पाच-सहा माणसांसाठी साफ केलेली साधारण एक किलोची कोंबडी घ्यावी. तिचे सारखे अठरा ते वीस तुकडे करावेत. ही संख्या लक्षात ठेवा, तिचे काम पुढे आहे. तुकड्यांना मीठ आणि अर्धा चमचा हळद चोळून अर्धा तास ठेवावे. मग मोठ्या टोपात अडीच लिटर गार पाणी घेऊन त्यात तुकडे सोडावेत आणि टोप चुलीवर चढवावा. उकळत्या पाण्यात मांस टाकू नये, गार पाण्यापासून सुरुवात केली की रस चांगला उतरतो. वर येणारा फेस पळीने काढून टाकावा. त्यानंतर दोन चिरलेले कांदे, ठेचलेल्या आठ-दहा लसूण पाकळ्या, बोटाच्या पेराएवढे आले, दहा-बारा मिरी, तीन-चार लवंगा आणि कोथिंबिरीचे देठ घालावेत. झाकण ठेवून आच कमी करावी. रस्सा खळाखळा उकळू देऊ नये, बाजूने बुडबुडे येत राहिले म्हणजे पुरे. जून कोंबडीला दीड ते दोन तास लागतात. गॅसवर करणार असाल तर कुकरच्या पाच-सहा शिट्ट्या आणि पुढे मंद आचेवर पंधरा मिनिटे. तिरफळ घालू नका, ते बांगड्याला शोभते.

ज्यांना वाटपाशिवाय चालत नाही त्यांनी अर्धा रस्सा वेगळ्या टोपात काढून त्याला भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचे वाटप लावावे. उरलेला मात्र साधा ठेवावा. तो म्हातारी माणसे, मुले आणि तापातून उठलेली माणसे आवडीने घेतात. उतरवताना त्यात अर्ध्या नारळाचे दाट दूध घातले तर फारच छान, पण दूध घातल्यावर उकळी आणू नये, फुटते.

निवगऱ्या तुम्हाला मी शिकवायला नको. गणपतीत मोदकांची उकड उरली की त्यात मिरची-जिरे घालून थापून उकडतो, त्याच या. फक्त येथे वाफेऐवजी रस्सा आहे. हे सांगितल्याबरोबर पुढच्या रांगेतून आवाज आला, "मोदकाची उकड कोंबडीत? गणपती रागावतलो!" गणपतीची उकड गणपतीलाच ठेवा, ही वेगळी काढा. शिवाय ही कल्पना काही माझ्या पदरची नाही. खानदेशात आमटीत डुबुकवड्या सोडतात, देशावर वरणफळे करतात, जुन्नरकडे कुळथाचे शेंगोळे करतात. केरळातल्या सिरियन ख्रिस्ती घरांत तांदळाचे छोटे गोळे शिजवून कोंबडीच्या रश्शाबरोबर खातात, त्याला पिडी म्हणतात. युरोप-अमेरिकेतल्या शेतकऱ्यांच्या घरी कोंबडीच्या सुपात गव्हाच्या पिठाचे गोळे सोडतात. आपल्याकडे भात पिकतो, म्हणून आपण तांदळाचे करायचे.

मात्र एक फरक आहे. गव्हाच्या पिठाला स्वतःचा चिकटपणा असतो, तांदळाच्या पिठाला नसतो. कच्चे पीठ मळून रश्शात सोडले तर पेज होते. माझी पहिल्या खेपेला झाली होती, आणि घरच्यांनी ती निमूटपणे प्यायली. म्हणून उकड चुकवू नये. दोन वाट्या पिठाला दोन वाट्या पाणी, मीठ आणि चमचाभर तेल घालून उकळावे. पीठ एकदम टाकून उलथन्याने ढवळावे, झाकण ठेवून मंद आचेवर दोन मिनिटे वाफ आणावी. गरम असतानाच तेल-पाण्याचा हात लावून मऊ मळावे. जिरे आणि बारीक चिरलेली कोथिंबीर घालावी. सुपारीएवढे गोळे करून प्रत्येकाला अंगठ्याने खळगा पाडावा, म्हणजे मधला भाग कच्चट राहत नाही आणि खळग्यात रस्साही बसतो. रस्सा उकळत असताना आठ-दहा सोडाव्यात आणि दोन मिनिटे पळी लावू नये. वर तरंगल्यावर आणखी चार-पाच मिनिटे ठेवून काढाव्यात. नारळाचे दूध घालायचे असेल तर ते निवगऱ्या शिजल्यानंतरच.

आता आजींच्या बोलण्याकडे येते. सगळी ताकद रश्शात उतरते आणि मागे राहतो तो चोथा, असा समज आपल्याकडे पक्का आहे. तो चुकीचा आहे. रश्शात चव, मीठ, थोडी चरबी आणि विरघळलेला चिवट भाग उतरतो. आजाऱ्याला तो चांगला, कारण गरम पातळ अन्न पोटात जाते. पण अंगाला लागणारी प्रथिने बहुतांशी मांसातच राहतात. शंभर ग्रॅम मांसात वीस ग्रॅमच्या वर प्रथिने असतात. वाटीभर रश्शात त्या मानाने फारच थोडी. म्हणजे जी बाई दिवसभर वाकून लावणी करते, ती नेमका कमी कसाचा भाग खाऊन उठते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, महाराष्ट्रात ५४ टक्के. याला कारणे अनेक आहेत, पण ताटातली वाटणी त्यांपैकी एक आहे.

माझ्या आजोळी आजी सगळ्यांना वाढून झाल्यावर टोप तिरका करून भातावर रस्सा घ्यायची. तिला कोंबडी आवडत नाही असे आम्ही मुले समजत होतो. तिच्या म्हातारपणी मामीने तिला तंगडी वाढली तेव्हा तिने ती अगदी हाडापर्यंत खाल्ली.

म्हणून तुकडे मोजायला सांगितले. माणसे सहा आणि तुकडे अठरा, तर वाढायला घेण्यापूर्वीच तीन-तीन तुकडे सहा वाट्यांत काढावेत. स्वयंपाक करणारीची वाटी त्यातच भरावी आणि झाकून ठेवावी. काळीज बहुधा घरातल्या पुरुषाला किंवा लाडक्या मुलाला जाते. त्यात लोह मांसाहून कित्येक पटींनी जास्त असते. एका कोंबडीचे काळीज ते केवढे, पण ते अशक्त बाईला किंवा वयात आलेल्या मुलीला द्यावे. वर लिंबू पिळावे, आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये, चहाने लोह अंगी लागत नाही. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळासाठी मऊ शिजलेले मांस मीठ-मिरीशिवाय वेगळे शिजवून, हाडे काढून, कुस्करून द्यावे. लहान मुलाला निवगरी अख्खी देऊ नये, घशात अडकते.

हे सगळे खुराड्यात कोंबड्या राहिल्या तर. पावसाळ्यात मानमोडी आली की आठ दिवसांत खुराडे रिकामे होते. या रोगाला, म्हणजे राणीखेतला, औषध नाही, लस आहे. पिल्ले पाच ते सात दिवसांची असताना लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी लस टोचून घ्यावी. एका कुपीत पुष्कळ पक्ष्यांची मात्रा असते आणि एकदा मिसळली की ती लगेच संपवावी लागते. एकटीने दहा कोंबड्यांसाठी आणली तर वाया जाते. वाडीतल्या सर्वांनी एक दिवस ठरवून पशुवैद्यकीय दवाखान्यातून बर्फाच्या थर्मासमध्ये आणावी आणि भल्या सकाळी, कोंबड्या सोडण्यापूर्वी द्यावी.

मागून एका बंधूंनी विचारले आहे की, उरले तर काय करावे? निवगऱ्या रश्शात रात्रभर ठेवू नयेत, फुगून त्यांचा गोळा होतो. त्या वेगळ्या काढाव्यात आणि सकाळी तव्यावर थोड्या तेलात परतून न्याहारीला घ्याव्यात. रस्सा उरल्यास रात्री गार झाल्यावर फ्रिजमध्ये ठेवावा आणि सकाळी खळखळून उकळूनच घ्यावा. फ्रिज नसेल तर या दमट हवेत तो ठेवूच नये, रात्रीच संपवावा.