पिकअपचे मागचे कमानपाटे : किती काढावे, किती ठेवावे

(शेतीविषयक रेडिओ कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



आंबिया बहाराचा माल निघू लागला की काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर या भागांतून कळमन्याच्या बाजाराकडे पिकअप गाड्यांची रांग लागते. पूर्वी बंडीने जे काम होई ते आता ही गाडी करते. बागेत गेलो की फवारणीच्या प्रश्नाबरोबर एक प्रश्न हमखास येतो : "साहेब, गाडी मागून लय उंच अन् कडक हाय जी. एखादा पाटा काढून घरीच खाली बसवली तं चालते काय?" प्रश्न गॅरेजचा आहे, कृषी अधिकाऱ्याचा नाही, हे खरे. पण झाडावरून उतरलेले फळ बाजारात पोचेपर्यंत दबले, तर वर्षभर घातलेले खत-पाणी त्या शेवटच्या काही कोसांत वाया जाते. म्हणून आज या पाट्यांविषयीच बोलू.

उत्तर आधी सांगतो. कंपनीने दिलेला पाटा काढू नका. नंतर कोणी घातलेला जादा पाटा मात्र अवश्य काढा.

आता हे का, ते पाहू. मागच्या कमानीत सर्वांत लांब असतो तो मुख्य पाटा. त्याच्या दोन्ही टोकांना डोळे असतात आणि त्यांतून तो चासीला टांगलेला असतो. त्याखाली उतरत्या लांबीचे पाटे. बऱ्याच गाड्यांत सर्वांत खाली एक जाड, जवळजवळ सरळ पाटा असतो. तो रिकाम्या गाडीत कामच करीत नाही. ओझे पडून कमान दबली की मगच तो मदतीला येतो. या सगळ्यांना मधोमध एक सेंटर बोल्ट बांधतो आणि दोन यू-बोल्ट ती थप्पी अ‍ॅक्सलवर आवळून धरतात. सारख्या जाडीच्या सात पाट्यांतला एक काढला, तर कमानीची ताकद ढोबळमानाने सातव्या हिश्श्याने घटते आणि त्याचे ओझे उरलेल्या सहांवर जाते. पाटा मग भर रस्त्यात तुटतो. वळणावर हौदा एका बाजूला जास्त कलतो ते वेगळेच. काही जण खालचा जाड पाटा काढतात. त्याने रिकामी गाडी फार तर त्या पाट्याच्या जाडीएवढी, म्हणजे बोटभर खाली येते. पण भरल्या गाडीचा आधार जातो. हा व्यवहार तोट्याचाच.

जादा पाट्याची गोष्ट उलटी आहे. जुनी गाडी विकत घेताना तिच्या आधीच्या मालकाने ओझे वाढवायला एकेक पाटा घातलेला असतो, तोही पुष्कळदा मोठ्या ट्रकचा. लांबी-रुंदी तीच ठेवून पाटा दुप्पट जाड केला, तर तो दुप्पट नव्हे, आठपट कडक होतो. अशी गाडी मागून उचलली जाते, समोरचे दिवे जमिनीकडे पाहतात, आणि अर्ध्या मालावर प्रत्येक खड्डा थेट क्रेटमधल्या संत्र्याला लागतो. शिवाय जादा पाट्याने गाडीची कुवत वाढते हा समज चुकीचा आहे. टायर, बेअरिंग, ब्रेक, अ‍ॅक्सल सारे पूर्वीचेच राहतात. कमान दबत नाही म्हणून ओझे जास्त झाल्याचे डोळ्यांना दिसत नाही, एवढेच.

जादा पाटा ओळखायचा कसा? त्याच कंपनीची, त्याच नमुन्याची न छेडलेली गाडी शेजारी उभी करा आणि पाटे मोजा. जादा पाट्याचा गंज, रंग, जाडी वेगळी असते. पाटे एकत्र धरणारी पट्टी त्याला पुरत नाही. यू-बोल्टही नेहमीपेक्षा लांब असतात. तरी शंका राहिली तर कंपनीच्या अधिकृत दुकानात विचारून खात्री करून घ्या.

काम घरी करणार असाल तर ते एका माणसाचे नाही आणि काळ्या मातीवरचेही नाही. सिमेंटचा किंवा फरशीचा सपाट ओटा पाहिजे. गाडी रिकामी करा आणि दोन्ही बाजूंना चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवा. आदल्या रात्री यू-बोल्टच्या नटांना रॉकेल किंवा डिझेल लावून ठेवले तर सकाळी पाना अडत नाही. समोरच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी पाचरी ठोका. हँडब्रेकवर विसंबू नका, कारण तो मागच्या चाकांना लागतो. आपल्या पिकअप बहुधा मागच्या चाकांवर चालणाऱ्या, म्हणून गिअरमध्ये ठेवण्याचेही तेच. मागची चाके उचलली की दोन्हींचा उपयोग शून्य.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. मग मागून उचलून चासीखाली, कमानीच्या पुढच्या टांगणीच्या जरा अलीकडे, दोन्ही बाजूंना लोखंडी घोड्या लावा. विटा लावू नका; वीट सांगून फुटत नाही. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही जाऊ नये, पोरांना तर जवळ फिरकू देऊ नये. दुसरा जॅक अ‍ॅक्सलच्या हाउसिंगखाली ठेवा, म्हणजे अ‍ॅक्सल ब्रेकच्या रबरी नळीवर किंवा शॉकअपवर लोंबकळणार नाही. एका वेळी एकच बाजू सोडा, म्हणजे अ‍ॅक्सल जागचा हलत नाही.

यू-बोल्ट सुटले की मुख्य धोका येतो. पाट्यांचा बाक सारखा नसतो, ते एकमेकांवर ताणून बांधलेले असतात. सेंटर बोल्ट नुसता काढला तर थप्पी उसळते. बोटे जाऊ शकतात. म्हणून बोल्टच्या दोन्ही बाजूंना मजबूत सी-क्लॅम्प आवळा, मगच बोल्ट काढा आणि क्लॅम्प थोडे थोडे, आळीपाळीने सैल करा. पाट्यांवर खडूने क्रमांक घाला. बोल्ट गंजून अडला तर गॅसने कापायच्या भानगडीत न पडता गॅरेजवाल्याला बोलवा. ज्वाळा पाट्याला लागली की पाट्याचे पाणी उतरते.

हे पाणी उतरणे तुम्हाला सांगायला नको. लोहाराने कुऱ्हाडीला दिलेले पाणी ती आगीत पडली की जाते आणि मग धार टिकत नाही. पाट्याचे पोलादही असेच खास पाणी दिलेले असते. तो भट्टीत तापवून सपाट करून गाडी खाली बसवण्याचा सल्ला कोणी देईल; ऐकू नका. असा पाटा थोड्याच दिवसांत बसतो नाहीतर तडकतो. पाट्याला वेल्डिंगही करू नये. शहरांतले काही हौशी लोक अ‍ॅक्सल कमानीच्या वर घेऊन गाडी कित्येक इंच खाली आणतात. खड्ड्यांच्या पांदणीतून माल वाहणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

जोडताना सेंटर बोल्ट नवा घ्या आणि त्याचे डोके अ‍ॅक्सलवरच्या भोकात नीट बसले आहे ना, ते बोटाने चाचपून पाहा. ते बसले नाही तर अ‍ॅक्सल तिरपा राहून गाडी खेकड्यासारखी चालते. यू-बोल्टही नवे, मूळ लांबीचे घ्या. जादा पाट्यासाठीचे लांब बोल्ट तसेच ठेवले, तर नट आट्यांच्या शेवटी जाऊन अडतो. आपल्याला वाटते आवळले, आत थप्पी सैलच असते. दोन्ही बाजूंचे पाटे सारखेच असले पाहिजेत, संख्येने आणि जाडीने. शेवटचे आवळणे गाडी चाकांवर उभी राहिल्यावर, समोरासमोरचे नट आळीपाळीने, आणि कंपनीने सांगितलेल्या जोराएवढेच. त्यासाठी टॉर्क पाना लागतो, तो ओळखीच्या गॅरेजमधून तासभर मागून आणा.

मग पुन्हा माप घ्या. डाव्या-उजव्या बाजूत बोटभराहून जास्त फरक पडला तर काहीतरी चुकले आहे. कित्येक पिकअपमध्ये चासी आणि अ‍ॅक्सल यांना जोडणारी एक बारीक दांडी असते. हौदा किती दबला हे ती ब्रेकच्या व्हॉल्व्हला सांगते. हौदा खाली गेला की व्हॉल्व्ह समजतो माल भरला, आणि मागच्या ब्रेकला जास्त जोर देतो. रिकामी गाडी ओल्या रस्त्यावर मागून घसरते ती यामुळेही. म्हणून पाटा काढल्यावर ही दांडी आणि समोरचे दिवे दोन्ही गॅरेजमध्ये जुळवून घ्या. शंभरेक किलोमीटर चालल्यावर यू-बोल्टचे नट एकदा पुन्हा तपासा.

कायद्याचे थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीचा नोंदलेला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी अशा बदलावर बोट ठेवते. जादा ओझ्यासाठी २०१९ च्या दुरुस्तीने २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद केली आहे.

ओझे किती हे नोंदणीच्या कागदावरून काढा. समजा भरलेल्या गाडीचे वजन २,९०० किलो आणि रिकाम्या गाडीचे १,६०० किलो लिहिले आहे. उरले १,३०० किलो. रिकाम्या वजनात चालक धरलेला नसतो, म्हणून चालक आणि दोन मजूर यांचे १८० वजा केले की १,१२० राहतात. क्रेटसह संत्रा २२ किलो धरला तर ५० क्रेट होतात. एक थर जास्त रचला की हिशेब बिघडला. माल केबिनला टेकवून पुढून रचत या; मागे जास्त झाला तर बंडीसारखी गाडीही उलाळते आणि स्टिअरिंग हलके पडते.

आणि ज्यांच्या गाडीत जादा पाटा नाहीच, फक्त हौदा उंच म्हणून भरताना कंबर मोडते, त्यांनी गाडीला हात लावू नये. बागेच्या तोंडाशी बांधाला लागून, फाळका उघडला की त्याच्या बरोबरीने येईल एवढा, साधारण अडीच-तीन फुटांचा मातीचा ओटा घाला आणि पुढच्या बाजूला दगड रचून घ्या. क्रेट ओट्यावरून सरळ हौद्यात सरकते. टायरमधली हवा दारावरच्या पट्टीत लिहिल्याप्रमाणे ठेवली तर बराच कडकपणा तिथेच कमी होतो. तोडणी दव सुकल्यावर करा. ओले, ताठ फळ थोड्या दाबानेही सालीतले तेल सोडते, आणि दोन दिवसांनी त्यावर जे तपकिरी डाग दिसतात त्यांना पाट्यांचा काही इलाज नाही.