रवांडा : शिक्षकांच्या सोबतीने दोन वर्षे

(पदव्युत्तर व स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



२०१३ व २०१४ ही दोन वर्षे मी रवांडाच्या दक्षिण प्रांतातील एका डोंगराळ जिल्ह्यात स्वयंसेवक शिक्षक-मार्गदर्शक म्हणून राहिलो. मुलांना शिकविणे हे माझे काम नव्हते. शिकविणाऱ्यांच्या वर्गात बसावे, त्यांच्याशी बोलावे, त्यांना उपयोगी पडेल ते सुचवावे, एवढीच जबाबदारी होती. अर्थशास्त्रात मानवी भांडवलाविषयी आपण पानेच्या पाने लिहितो. ते भांडवल प्रत्यक्षात कसे घडते हे पाहण्याची संधी मात्र क्वचितच मिळते.

प्रथम देशाविषयी थोडे. रवांडाचे क्षेत्रफळ २६,३३८ चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक दशांशाहूनही कमी. २०२२ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १ कोटी ३२ लाख. घनता दर चौरस किलोमीटरला सुमारे ५००. एप्रिल ते जुलै १९९४ या शंभर दिवसांत तुत्सींचा जो वंशसंहार झाला, त्यात संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार सुमारे ८ लाख आणि रवांडा सरकारच्या मते १० लाखांहून अधिक माणसे मारली गेली. मृतांत शिक्षकांची संख्या मोठी होती. पुढील शिक्षणव्यवस्थेची उभारणी या पोकळीतून झाली आहे, हे विसरून तेथील कोणत्याही धोरणाचे मूल्यमापन करता येत नाही.

आता मुख्य प्रश्न, भाषेचा. जवळपास सर्व रवांडावासीयांची मातृभाषा एकच, किन्यारवांडा. बेल्जियन राजवटीपासून वरच्या वर्गांचे माध्यम फ्रेंच होते. १९९४ नंतर युगांडा, टांझानिया आदी देशांतून निर्वासित परतले तेव्हा त्यांच्याबरोबर इंग्रजी आली, आणि २००८ मध्ये सरकारने फ्रेंचऐवजी इंग्रजी हे शिक्षणाचे माध्यम करण्याचा निर्णय घेतला. अंमलबजावणी २००९ पासून सुरू झाली. २०११ मध्ये पहिल्या तीन इयत्तांसाठी किन्यारवांडा परत आणण्यात आली, तर २०१९ च्या अखेरीस पहिलीपासूनच इंग्रजीची घोषणा झाली. निर्णयामागील आर्थिक तर्क समजण्यासारखा होता. देश २००७ मध्ये पूर्व आफ्रिकी समुदायात व २००९ मध्ये राष्ट्रकुलात सामील झाला. व्यापाराची दिशा बदलत होती. परंतु व्यापाराची दिशा बदलते त्या वेगाने शिक्षकाची जीभ वळत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतील पंचेचाळीस वर्षांच्या गुरुजींना उन्हाळ्याच्या सुटीनंतर सांगितले की यंदापासून गणित व विज्ञान जर्मन भाषेत शिकवा, तर त्यांची जी अवस्था होईल ती माझ्या सहकाऱ्यांची होती.

विषुववृत्त जवळ असल्याने तेथे बारा महिने सहाच्या सुमारास उजाडते व सहाच्याच सुमारास मावळते. पहाटे पिवळे कॅन घेऊन पाणवठ्याकडे निघालेल्या मुलांबरोबर माझाही दिवस सुरू होई. शाळा लांब असेल तर मोटारसायकल-टॅक्सी. चालकाबरोबर प्रवाशालाही शिरस्त्राण सक्तीचे आणि तो नियम खरोखरच पाळला जाणारा. (आपल्या शहरांतून गेलेल्या माणसाला याचे अप्रूप वाटते.) दोन्ही बाजूंस उतारावर घेवडा, रताळी, केळी आणि ज्वारी. होय, ज्वारी, पण ती भाकरीपेक्षा पेयासाठीच अधिक. दुपारी उकडलेली हिरवी केळी व घेवड्याची उसळ, कधी कसाव्याच्या पानांची भाजी, आणि नशीब चांगले असेल तर इकिवुगुतो, म्हणजे विरजलेले दूध. ते प्यायल्यावर घराची आठवण येत असे.

प्राथमिक शाळा दोन पाळ्यांत भरत. एकाच शिक्षकापुढे सकाळी एक व दुपारी दुसरी तुकडी. पाठीमागच्या बाकावर बसून मी काय पाहत असे? शिक्षक फळ्यावर इंग्रजी व्याख्या लिहीत, मुले ती सुंदर अक्षरात उतरवून घेत. ‘समजले?’ असे विचारताच पन्नास कंठांतून ‘हो’ उमटे. मग शेजारच्या मुलाला हळूच त्याचा अर्थ विचारला की तो लाजून हसे. आणखी एक गोष्ट लवकरच ध्यानात आली. मी वर्गात असलो की पाठ इंग्रजीत चाले. बाहेर पडलो की खिडकीतून किन्यारवांडा ऐकू येई, आणि त्याबरोबर मुलांचे प्रश्नही. निरीक्षणाने निरीक्षित वस्तू बदलते, हे सर्वेक्षण करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे.

माझी भूमिका मी शिक्षकांपुढे स्पष्ट ठेवली : संकल्पना मुलांच्या भाषेत उलगडा, संज्ञा इंग्रजीत द्या, आणि ते माझ्या समोरच करा. तांदळाच्या रिकाम्या पोत्यांवर रंगाने तक्ते काढणे, बाटल्यांच्या बुचांनी मोजणी शिकविणे, ही साधने तेथील स्वयंसेवकांत पूर्वीपासून रूढ होती. ती आम्ही वापरली. माझ्या दृष्टीने खरे काम मात्र पाठानंतरच्या अर्ध्या तासाचे होते. झाडाखाली बसून शिक्षकाने आधी स्वतःच सांगायचे की कोणते मूल कोठे अडले. या प्रश्नाची सवय व्हायला एक सत्र लागले.

‘माझे कुटुंब’ हा इंग्रजी संभाषणाचा सर्वांत सोपा धडा. आपल्याला किती भावंडे, आईवडील काय करतात, वगैरे. शिक्षकांच्या प्रशिक्षणात हा धडा कधी घ्यायचा नाही, हे मला आरंभीच सांगण्यात आले होते. २०१४ च्या एप्रिलमध्ये वंशसंहाराला वीस वर्षे झाली. त्या स्मरणसप्ताहात एक शिक्षिका आपणहून म्हणाल्या, ‘माझ्याजवळ या धड्याची सगळी वाक्ये भूतकाळातील आहेत.’ त्यांच्या इंग्रजीत तोपर्यंत काळाच्या चुका बऱ्याच होत असत. त्या वाक्यात एकही नव्हती.

आता हिशेबाकडे वळू. स्वयंसेवकाला भत्ता माफक मिळत असला तरी त्याचा प्रवास, निवास, विमा व प्रशिक्षण यांचा खर्च कोणीतरी करतो. त्याचा वैकल्पिक खर्च कोणता? त्याच पैशात स्थानिक शिक्षकांना काय देता आले असते? सरकारने त्या काळात केनिया व युगांडातूनही मार्गदर्शक आणले होते. पुढे शाळेतील शिक्षकांतूनच मार्गदर्शक नेमण्याकडे धोरण वळले. माझ्या मते तेच योग्य. परका पाहुणा दोन वर्षांनी जातो. शिक्षक तर त्याआधीच चांगल्या पगाराच्या शोधात शाळा सोडतो, आणि त्याच्याबरोबर मार्गदर्शनात गुंतविलेले भांडवलही जाते. ऑगस्ट २०२२ मध्ये रवांडाने प्राथमिक शिक्षकांच्या वेतनात ८८ टक्के वाढ केली. शंभर स्वयंसेवकांपेक्षा या एका निर्णयाचा परिणाम मोठा असेल, असे मी स्वयंसेवक असूनही म्हणतो. शिक्षकांच्या बचत व पतसंस्थेचे जाळेही अभ्यासण्याजोगे आहे. तिच्या नावातील ‘उम्वालिमु’ या शब्दाचे मूळ अरबीतील ‘मुअल्लिम’; तो आपल्याकडे उर्दूतून आला, तिकडे स्वाहिलीतून.

युनेस्कोच्या अंदाजानुसार २०३० पर्यंत जगाला ४ कोटी ४० लाख शिक्षक हवे आहेत, पैकी दीड कोटी सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत. शाश्वत विकासाच्या चौथ्या उद्दिष्टात शिक्षक-प्रशिक्षणासाठी आंतरराष्ट्रीय सहकार्याचा स्पष्ट उल्लेख आहे. भारताचा आयटेक कार्यक्रम १९६४ पासून चालू आहे, आणि आपल्या केंद्रप्रमुखांचा गेल्या तीन दशकांचा अनुभव रवांडाच्या शिक्षकांना ऐकावासा वाटत असे. केंद्रप्रमुखांचा किती वेळ वर्गात आणि किती माहितीचे तक्ते भरण्यात जातो, हे त्यांनी मला पहिल्याच बैठकीत विचारले होते.

तुमच्यापैकी काहींनी चिठ्ठ्या पाठवून तयारी काय करावी असे विचारले आहे. काही वर्षे प्रत्यक्ष शिकविलेले असावे. केवळ पदवी पुरत नाही. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ‘उमुगांडा’ हे सामूहिक श्रमदान असते. तेथे कुदळ हातात घ्यावी लागेल, आणि शेजाऱ्यांची खरी ओळख तेथेच होईल. भाषेची सुरुवात अंकांपासून करा. बाजारात भाव समजतात, आणि पहिलीच्या गणिताच्या तासालाही बसता येते.