पावसाळ्यातलं धुणं आणि छतावरची वीज



आषाढाची झड लागली की कोकणातल्या घरात नजर जाईल तिथे कपडे दिसतात. पडवीत दोरी, माजघरात दोरी, खुर्चीच्या पाठीवर टॉवेल, आणि पंख्याखालची हक्काची जागा शाळेच्या गणवेशाची, कारण तो सकाळी सातला लागणारच असतो. घरातली बाई दिवसभर पिळे इकडून तिकडे हलवत असते. ऊन जरा डोकावलं की बाहेर, सर आली की आत. या कामाची मोजदाद कुठेच होत नाही. पण चार महिने रोज ते करणाऱ्या माणसाला विचारा, ते किती थकवतं.

मी छतावर सौर वीजसंच बसवण्याचं काम करते. जून जवळ आला की मला एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "ताई, पॅनेल बसवलीच आहेत, वीज घरचीच आहे, मग आता कपडे वाळवायचं मशीन घेऊन टाकू का?" प्रश्न अगदी रास्त आहे. माझं उत्तर असं, की मशीनचा विचार सगळ्यात शेवटी करा. आधी कपड्यातलं पाणी होईल तेवढं पिळून काढा, मग खोलीतल्या हवेकडे बघा, आणि यातलं जे काही विजेवर करायचं ते बॅटरीवर न टाकता दिवसाच करा.

कपडे वाळणं म्हणजे त्यातल्या पाण्याची वाफ होणं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण ०.६७ युनिट इतकी उष्णता लागते. ती उन्हातून येवो, वाऱ्यातून येवो, चुलीतून येवो की विजेतून, लागते तेवढीच. मे महिन्यात ती फुकट मिळते म्हणून आपल्याला तिची किंमत कळत नाही.

आता ५ किलो सुती कपडे घ्या. हाताने पिळले, तर त्यांच्यात जवळजवळ त्यांच्याच वजनाइतकं, म्हणजे ५ लिटरच्या आसपास पाणी राहतं. वॉशिंग मशीनमध्ये मिनिटाला ७०० फेऱ्यांनी फिरवले, तर साडेतीन लिटर. १,४०० फेऱ्यांनी फिरवले, तर अडीच लिटर. आणि या फिरवण्याला वीज किती? पाच-सात मिनिटं मोटर चालते, युनिटचा विसावा हिस्सा फार तर. जे एक लिटर पाणी जास्तीच्या फेऱ्यांनी जवळजवळ फुकट निघतं, तेच वाफ करून काढायचं तर दहापट वीज मोजावी लागते. वाळवणातली सगळ्यात मोठी बचत इथे आहे, आणि नेमकी इथेच ती हातची जाते. चिपळूणजवळच्या एका घरी मी गेले होते. मशीन चांगलं १,२०० फेऱ्यांचं, पण कपडे चुरगळतात म्हणून बटण कायमचं ४०० वर ठेवलेलं. बाहेर काढलेली चादर दोरीवर टाकली तर खाली फरशीवर पाण्याची रेघ ओढली गेली. तीच चादर पुन्हा १,२०० वर फिरवून घेतली, तेव्हा मशीनच्या नळीतून तांब्याभर पाणी मोरीत आलं. साड्या आणि नाजूक कपडे वेगळे काढा, पण चादरी, टॉवेल, गणवेश आणि जीन्स यांना पूर्ण वेग द्या. जमलं तर दोनदा द्या. ज्यांच्याकडे सेमी-ऑटोमॅटिक मशीन आहे त्यांचं तर काम आणखी सोपं. त्यातलं पिळण्याचं छोटं टब चांगलं १,३०० च्या आसपास फिरतं.

आता खोलीतल्या हवेकडे वळू. समजा १० फूट लांब, १० फूट रुंद आणि तेवढीच उंच खोली आहे. म्हणजे साधारण २८ घनमीटर हवा. जुलैत आपल्याकडे तापमान २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असते. अशा हवेच्या एका घनमीटरमध्ये आणखी जेमतेम ४ ग्रॅम वाफ मावते. सगळ्या खोलीचा हिशेब केला तर १०० ग्रॅमच्या थोडं वर, म्हणजे अर्धा पेला पाणी. आणि दोरीवर आहे अडीच लिटर! नागपूरला मे महिन्यात ४३ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असते तेव्हा तेवढ्याच हवेत बारापट पाणी मावतं, म्हणून तिथे धोतर तासाभरात खडखडीत होतं. कोकणात दारं-खिडक्या लावून पंखा फुल्ल सोडला, तर पंखा तीच ओली हवा गरगर फिरवत राहतो. कपडे वाळत नाहीत, भिंतींना मात्र ओल धरते. पंखा लावायचा तर समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या हव्यात, म्हणजे ओली हवा बाहेर जाते आणि तिच्या जागी दुसरी येते. साधा छताचा पंखा ७५ वॅट घेतो, नवा बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास. रात्रभर चालला तर पाऊण युनिट विरुद्ध ०.३ युनिट. पावसाळ्यापुरता एक पंखा बदलायचा झाला, तर कपडे वाळत घालता त्या खोलीतला बदला.

कपडे किती वेळ ओले राहतात यावर आणखी एक गोष्ट ठरते, तो कुबट वास. धुतलेल्या कपड्यांना येणाऱ्या या वासामागे मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जिवाणू असतो, हे जपानी संशोधकांनी २०१२ साली दाखवून दिलं. तो धुण्यात पुरता जात नाही, आणि कपडा तासन् तास ओला राहिला की त्याचं फावतं. पुन्हा साबण घालून किंवा अत्तर शिंपडून उपयोग नाही, कपडा लवकर सुकवायला हवा. तान्हं बाळ असलेल्या घरात, अंथरुणाला खिळलेलं माणूस असलेल्या घरात ही हौसेची बाब राहत नाही. तिथे दुपटी आणि चादरी रोज, वेळेवर, कोरड्या मिळाल्याच पाहिजेत.

अशा घरांना मी आधी डीह्युमिडिफायर सुचवते, म्हणजे हवेतला दमटपणा शोषणारं यंत्र. आकार साधारण लहान कपाटाएवढा, वीज २५० ते ३०० वॅट, आणि आत फ्रिजसारखाच कॉम्प्रेसर. गार नळ्यांवरून हवा जाते, तिच्यातली वाफ निवून टाकीत पाणी होऊन पडते, आणि हवा जरा गरम होऊन पुन्हा खोलीत येते. यातली मेख अशी, की वाफेचं पाणी होताना तेच ०.६७ युनिट परत मिळतात. कपड्यांनी घेतलेली उष्णता खोलीतच राहते आणि पुढच्या पाण्याच्या कामी येते. म्हणून एक लिटर पाणी काढायला जेमतेम अर्धा युनिट वीज पुरते. या यंत्रांची क्षमता बहुधा ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रतेला मोजलेली असते. युरोपातल्या थंड घरात ती तेवढी कधीच भरत नाही, आपल्या जुलैत पुरेपूर भरते. पंख्याच्या उलट, इथे दारं-खिडक्या घट्ट बंद हव्यात. कपड्यांत चार बोटं अंतर ठेवा, छोटा पंखा त्यांच्यावर रोखा. चार-पाच तासांनी टाकी ओतायला गेलात की आतलं पाणी बघून हे सगळं कुठे होतं असा प्रश्न पडेल. ज्यांच्याकडे एसी आहे, त्यांनी त्याचा 'ड्राय' मोड आधी वापरून बघावा, नवीन काही न घेता.

आता ड्रायर मशीन. यात दोन जाती आहेत आणि दुकानात त्या शेजारी शेजारी उभ्या असतात. एकात नुसती हीटरची कॉइल असते. ती २,००० वॅट किंवा जास्त ओढते आणि आपल्या ५ किलो कपड्यांना अडीच ते तीन युनिट खाते. दुसऱ्यात हीट पंप असतो, म्हणजे डीह्युमिडिफायरचीच युक्ती ड्रमच्या आत. तो ७००-८०० वॅटवर चालतो, वेळ जास्त घेतो, पण सव्वा युनिटच्या आसपास काम उरकतो. किमतीला तो बराच महाग आहे. तरी सौर संच असलेल्या घराने ड्रायर घ्यायचाच असेल तर हीट पंपवालाच घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. कारण फक्त युनिटचं नाही. पावसाळ्यात ढगांमागून ३ किलोवॅटच्या संचातून कधी ६०० वॅट येतात, कधी १,२००. हीट पंप त्या मापात बसतो. हीटर बसत नाही, तो उरलेली वीज बाहेरून ओढतो. गणपतीपुळे, तारकर्ली भागात घरगुती मुक्काम चालवणाऱ्या मंडळींना रोज पाहुण्यांच्या चादरी धुवाव्या लागतात. त्यांना मी हेच सांगते.

आणि आता बॅटरी. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना सुरू झाली, ३ किलोवॅट आणि त्यावरच्या संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागलं, आणि गावोगाव पॅनेल दिसू लागली. यातल्या बहुतेक संचांना बॅटरी नाही. ते महावितरणच्या वाहिनीला जोडलेले असतात आणि वाहिनीतली वीज गेली की तेही आपोआप बंद होतात. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या घरातून उलट्या आलेल्या विजेचा धक्का बसू नये म्हणून ही सोय असते, आणि ती असायलाच हवी. पण लख्ख उजेडात पॅनेल असूनही घरात वीज नाही, हे बघून लोक हवालदिल होतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, दापोलीकडच्या कित्येक गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती. तो काळ ज्यांनी काढला त्यांना बॅटरीचं मोल वेगळं सांगायला नको. अशा ठिकाणी हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी जरूर घ्या. मात्र ती दिवे, पंखे, फ्रिज, मोबाइल आणि पाण्याचा छोटा पंप यांच्यासाठी राखून ठेवा.

घरोघरी असते ती १५० अँपिअर-अवर, १२ व्होल्टची ट्यूब्युलर बॅटरी. कागदावर ती १.८ युनिटची. पण तिचं आयुष्य टिकवायचं तर निम्मीच वापरायची, म्हणजे हाती आलं ०.९ युनिट. हीटरचा ड्रायर तिच्यावर चालणारच नाही, तेवढा भार इन्व्हर्टर उचलणार नाही. ५ युनिटची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी असेल तर तो चालेल, पण कपड्यांच्या एका खेपेत अर्धीअधिक रिकामी होईल, आणि रात्री दोनला वीज गेली की घरातला पंखा बंद. शिवाय बॅटरीत घातलेली वीज सगळी परत येत नाही. लिथियममध्ये साधारण दहा टक्के जाते, शिसे-आम्लाच्या बॅटरीत वीस-पंचवीस टक्के. दुपारी अकरा ते तीन पॅनेल वीज देत असतात, तेव्हा ती थेट वापरली तर ही गळती टळते. म्हणून मशीन सकाळी लावा, डीह्युमिडिफायर किंवा ड्रायर अकराला सुरू करा. सकाळी घराबाहेर पडणाऱ्यांनी यंत्रातल्या टायमरचा वापर करावा.

मग सलग आठ दिवस सूर्य दिसला नाही तर? अशा झडीत नेहमीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीही वीज तयार होत नाही. ३ किलोवॅटचा संच वर्षभराच्या सरासरीने दिवसाला १२ युनिट देतो, तो ३-४ वर येतो. इथे घरची बॅटरी कितीही मोठी असली तरी कामाची नाही, कारण तिच्यात एखाद्या दिवसाची वीज मावते, मे महिन्याची मावत नाही. ते काम नेट मीटर करतो. त्याचा हिशेब १ एप्रिलला सुरू होऊन ३१ मार्चला संपतो. एप्रिल-मेच्या कडक उन्हात तुमच्याकडून जास्तीचे जे युनिट वाहिनीत गेले, ते खात्यावर पुढे ओढले जातात आणि जुलै-ऑगस्टच्या बिलात वळते होतात. आपल्याकडे पावसाळा या वर्षाच्या सुरुवातीलाच येतो हे आपलं भाग्य. उन्हाळ्यात जमलेले युनिट मार्चअखेरीला स्वस्तात विकले जाण्यापेक्षा पावसात बाळाची दुपटी वाळवायला खर्ची पडलेले कितीतरी बरे. बिलावर हा शिलकीचा आकडा छापलेला असतो, तो जूनच्या बिलात आवर्जून बघा. दिवसाच्या आणि रात्रीच्या वेगळ्या दरांचे नियम बदलत असतात, तेही तिथेच वाचून घ्या.

शेवटी गच्चीबद्दल. पॅनेल आली की घरात पहिला वाद होतो तो दोरीच्या जागेवरून. पॅनेलवर चादर पसरलेली मी पाहिली आहे, काच तापलेली असते म्हणून मोह होतो. असं कधीही करू नका. पॅनेलमधले सेल एकापाठोपाठ एक जोडलेले असतात, दोन-चार झाकले की पॅनेलच्या तिसऱ्या हिश्श्याचं काम बंद पडू शकतं, आणि झाकलेला सेल तापून कायमचा बिघडू शकतो. शेजारच्या दोरीवरच्या साडीची सावलीसुद्धा पडता कामा नये. दोरी पॅनेलच्या उत्तरेला घ्या.

पण याहून चांगला उपाय आहे, पॅनेलच्या खालची जागा. संच बसवताना लोखंडी सांगाडा आठ फूट उंच करून घेतला आणि दोन पॅनेलमधल्या फटी रबरी पट्टीने बंद केल्या, तर खाली पावसापासून आडोसा आणि चारी बाजूंनी वारा अशी जागा तयार होते. सोसाट्याच्या दिवसाचे शिंतोडे सोडले तर तिथे जुलैतही कपडे सुकतात, एक युनिटही न जाळता. सांगाडा उंच केला की खर्च वाढतो आणि वाऱ्याचा जोरही वाढतो, म्हणून किनाऱ्यालगतच्या घरांनी पाइपची जाडी आणि पायाचे बोल्ट यांत काटकसर करू नये, लोखंड गॅल्व्हनाइझ केलेलंच घ्यावं. हे सगळं ठेकेदाराने पाया भरण्याआधी ठरायला हवं, नंतर बदलता येत नाही. त्या दिवशी घरात धुणं वाळत घालणाऱ्या माणसाला गच्चीवर बोलवा, हात वर करायला सांगा, आणि दोरीची उंची तिथे खडूने आखून घ्या.