गाण्याला चित्र जोडताना



इतिहास, अर्थकारण आणि संतवाङ्मय यांच्या पंक्तीला विद्यार्थ्यांनी केलेली गाण्याची चित्रफीत आणून बसवावी, हे आपणांपैकी काहींना धारिष्ट्याचे वाटेल. तरुण मंडळी जिला 'म्युझिक व्हिडिओ' म्हणतात, ती ही वस्तू. आम्ही म्हणजे पाच विद्यार्थी आणि त्यांच्यामागे धावणारा एक शिक्षक. गाणे निवडले ते जात्यावरच्या ओव्यांचे; गाणार होती आमच्यातल्याच एका विद्यार्थिनीची आजी, मावळातल्या एका गावी. तिच्या माजघरात जाते अजून मांडलेले आहे, आणि सणावारी त्यावर थोडे दळणही होते. हे सांगून ठेवतो, कारण पुढची सारी फजिती त्या जात्यानेच केली.

बोलपटाच्या आरंभी, म्हणजे १९३१ चा 'आलम आरा' किंवा १९३२ चा 'अयोध्येचा राजा' यांच्या काळी, नट कॅमेऱ्यापुढे खरोखर गात आणि साथीदारांना कोठेतरी दृष्टीआड बसवावे लागे. १९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये पार्श्वगायनाची रीत सुरू झाली. तेव्हापासून कॅमेऱ्यापुढचा माणूस गात नाही. आधी मुद्रित झालेल्या गाण्याला तो आपले ओठ देतो. यामुळे केवढी मोकळीक मिळाली! एक कडवे डोंगरावर, दुसरे नदीकाठी घ्यावे. गाणे मात्र अखंड. आजच्या सगळ्या चित्रफिती याच सोयीवर उभ्या आहेत, आणि आम्हीही तोच बेत करून गेलो होतो. पहिल्या दिवशी आवाज घ्यायचा, दुसऱ्या दिवशी तो वाजवून आजींना ओठ हलवायला सांगायचे.

दुसऱ्या दिवशी आम्ही आवाज लावला. आजींनी जात्याचा खुंटा सोडला, हात मांडीवर ठेवले आणि कान देऊन ऐकत बसल्या. 'आजी, म्हणा ना,' असे नात दोनतीनदा म्हणाली, तेव्हा त्या म्हणाल्या, "माझंच गाणं मला ऐकवताय, मग मी आणि कशाला गाऊ?" बरे, त्यांनी मनावर घेतले तरी जमेना. कालची ओवी आज तशीच येत नव्हती. एखादा शब्द पुढेमागे होई, एखादी ओळ दोनदा येई. जात्यावर बसले की ओवी सुचते, ही म्हण आपण आळशी माणसाला उद्देशून सहज वापरतो. तिचा शब्दशः अर्थ आम्हांला त्या माजघरात कळला. ओवीला ताल देणारा तबलजी नसतो. दगडाची फेरी हाच तिचा ताल.

पण तरुण मंडळी अशाने थोडीच थांबतात! आजी गात नाहीत तर नातीने ओठ द्यावेत आणि चित्र संथ गतीचे करावे, असे ठरले. याचे गणित सोपे आहे. पडद्यावर एका सेकंदात २५ चित्रे सरकतात. चित्रण ५० चित्रांच्या वेगाने केले आणि २५ च्या वेगाने दाखवले, तर हालचाल निम्म्या गतीची होते. ओठ जुळवायचे असतील तर चित्रणाच्या वेळी गाणे दुप्पट वेगाने वाजवावे लागते आणि गाणाऱ्याने त्या वेगाने म्हणावे लागते. नातीने ते केलेही. पण ओठ जुळले, तर हात बिघडले! आजींची एक फेरी सुमारे दोन सेकंदांची. नातीचा हातही तेवढ्याच वेगाने फिरला असल्याने पडद्यावर तीच फेरी चार सेकंदांची दिसू लागली. म्हणजे गळा एका जात्यावर आणि हात दुसऱ्या. हातही दुप्पट वेगाने फिरवून पाहिला, तेव्हा पीठ असे जाडेभरडे पडले की आजींनी तो प्रयोग तेथेच बंद पाडला.

मग उलट्या चित्रणाची टूम निघाली. १९८६ साली इंग्लंडचा गायक पीटर गॅब्रिएल याने 'स्लेजहॅमर' गाण्यासाठी अंगाची एकेक हालचाल चित्र-चित्र करून टिपून घेतली. 'कोल्डप्ले' या वाद्यवृंदाच्या गायकाने २००२ साली एका गाण्याचे शब्द उलटे म्हणायची सवय केली आणि मग फीत उलटी फिरवली, म्हणजे ओठ सुलट आणि जग उलटे. हे सारे मुलांना तोंडपाठ. त्यांनी पीठ पडतानाचे चित्र उलटे लावले. पीठ जमिनीवरून उठून तळ्यांच्या फटीत शिरते आणि दाणे जात्याच्या तोंडातून उडून मुठीत बसतात. दिसायला फार सुंदर. आजींना दाखवले, तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, "दळलेलं माघारी जातंय व्हय रं?" त्यांनी मोडता घातला नव्हता, नुसते विचारले होते. पण त्या गाण्यात माघारी नेण्याजोगे काय आहे, याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते, आणि तो तुकडा आम्ही काढून टाकला. युक्ती चांगली की वाईट हा प्रश्न नसतो. या गाण्याला ती लागते का, एवढेच पाहायचे असते.

एक लहानशी अडचण सांगून टाकतो. ज्यांच्या घरी मुले मोबाईलवर चित्रण करतात त्यांना उपयोगी पडेल. माजघरात ट्यूबलाइट होती आणि चित्रावर काळे पट्टे सरकत होते. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, त्यामुळे अशा दिव्याचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. फोन मात्र ६० चित्रांच्या हिशेबावर लावलेला. तो २५ वर आणला आणि प्रत्येक चित्राला सेकंदाचा पन्नासावा भाग उजेड दिला, की पट्टे गेले.

तिसऱ्या दिवशी आम्ही शहाणे झालो. आवाज आणि चित्र एकाच वेळी घ्यायचे ठरले. एक फोन आजींच्या चेहऱ्यासमोर, दुसरा वरून जात्यावर. दोन्ही चित्रे पुढे जुळावीत म्हणून आरंभी एक टाळी. जात्याची घरघर आवाजात मिसळणार होती, ती मिसळू दिली. आजी वीस मिनिटे दळत होत्या आणि गात होत्या.

या वीस मिनिटांतून जो प्रयोग साधला तो मात्र आम्हांला अजून आवडतो. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली, 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या वाढीचे रोज थोडे थोडे चित्रण केले होते. पडद्यावर ते रोप पाहता पाहता वाढले. आम्ही वाटाण्याच्या जागी पीठ घेतले. दर फेरीतून एकच चित्र निवडायचे, आणि तेही खुंटा नेमका त्याच जागी असतानाचे. वीस मिनिटांच्या फेऱ्या सुमारे सहाशे, म्हणून चित्रे सहाशे, म्हणजे पडद्यावर चोवीस सेकंद. तीन रात्री जागून मुलांनी ती निवडली. आता पडद्यावर काय दिसते? जाते फिरतच नाही. खुंट्यावरचा हात जागच्या जागी किंचित थरथरतो, पदराची कड क्षणाक्षणाला हलते, घास घालणारा डावा हात मधूनच उमटतो आणि नाहीसा होतो; आणि त्या थबकलेल्या दगडाभोवती पीठ मात्र चहूकडून चढत जाते. फेऱ्या सगळ्या गाण्यात, चित्रात नुसते त्यांचे फळ. ही युक्ती गाण्यातूनच निघाली होती, म्हणून ती टिकली.

संकलनाला बसलो तेव्हा पहिली चूक केली ती ढोलाची. संगणकात ढोलाचा एक ठेका खाली लावला आणि प्रत्येक ठोक्याला चित्र तोडले. आरंभी दोन सेकंदांची असलेली फेरी शेवटी शेवटी अडीचवर गेली होती, कारण माणसाचा हात दमतो. ठेका मात्र दमत नाही. मिनिटाभरात दोघांची वाट वेगळी झाली. ढोल काढला. शिवाय दर ठोक्याला चित्र बदलले की दहाव्या बदलापासून पाहणाऱ्याचा डोळा दाद देईनासा होतो, हेही अनुभवाला आले.

दुसरी चूक मोठी होती. वीस मिनिटांतून चार मिनिटे ठेवायची, तेव्हा जेथे चित्र चांगले त्या ओव्या आम्ही राखल्या. तयार चित्रफीत घेऊन गावी गेलो. आजींनी ती नीट पाहिली, आणि संपल्यावर विचारले, "माझ्या भावाची ओवी कुठं गेली?"

तो भाऊ वारून बरीच वर्षे झाली होती, हे नातीलाही धड ठाऊक नव्हते. ती ओवी आली तेव्हा चेहऱ्यासमोरच्या फोनमधली जागा संपून तो थांबलेला होता. चित्र नाही म्हणून आम्ही ओवी वगळली होती. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या ओव्या लाखाच्या घरात गोळा केल्या, त्यांत भावाच्या ओव्यांचा वाटा केवढा आहे, हे आम्ही वाचलेले होते. वाचलेले असूनही कात्री तेथेच चालली.

ओवी परत घातली. पण तिच्यावर चित्र कोणते? हाताचे लावून पाहिले. तोवर तीन मिनिटे हातच पाहिलेला असल्याने ते लागू पडेना. शेवटी उजेड तपासण्यासाठी घेतलेला बावीस सेकंदांचा एक तुकडा सापडला. आजी खुंट्यावर हात ठेवून बसल्या आहेत, ओठ मिटलेले, जाते उभे. तो ओवीखाली ठेवला. ज्यांना दाखवला ते म्हणाले, भाऊ आठवतोय हो त्यांना! मॉस्कोत १९२० च्या सुमारास कुलेशोव्ह याने एका नटाचा एकच निर्विकार चेहरा कधी सुपाच्या वाडग्याशेजारी, कधी शवपेटीशेजारी जोडला, आणि लोकांनी त्यात कधी भूक तर कधी शोक वाचला, असे सांगतात. आमच्याकडे तेच घडले.

नात मात्र अडून बसली. "हे खोटं आहे," ती म्हणाली. "आजी तेव्हा भावाची आठवण काढत नव्हती, आपण दिवा नीट करेपर्यंत वाट पाहत होती." आमच्यात दोन दिवस वाद झाला, आणि तिचे म्हणणे खोडता येईना. तेव्हा आजींनाच विचारले. त्या म्हणाल्या, "जात्यापाशी बसलं की येतोच की त्यो. सांगून येतोय व्हय?" नातीने तुकडा ठेवू दिला, तिचे समाधान झाले होते, असे आम्ही म्हणत नाही.

चित्रफीत चार मिनिटे नऊ सेकंदांची झाली. मर्यादा चार मिनिटांची होती. नऊ सेकंदांबद्दल परीक्षकांनी दोन गुण कापले. आता ती आपणांस दाखवतो, सभागृहातले दिवे कृपा करून मालवावेत. शेवटच्या ओवीला आजींचे ओठ मिटलेले दिसतील आणि जाते थांबलेले असताना त्याची घरघर ऐकू येईल. यंत्रात बिघाड झाला, असे मात्र समजू नये.