भट्टी निवताना उमलणारी फुले

(जिल्ह्यातील हस्तव्यवसाय प्रदर्शनाच्या निमित्ताने शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



बाहेरच्या दालनात प्रवेशद्वाराच्या उजव्या हाताला एक निळी फुलदाणी ठेवली आहे. तिच्या अंगावर रुपयाएवढाली, काही ठिकाणी त्याहूनही मोठी फुले उमटलेली आहेत. मध्यापासून कडेपर्यंत रेशमाचे धागे ताणून बसवावेत तशी त्यांची रचना आहे. सकाळपासून अनेकांनी मला विचारले की, ही फुले कोणत्या कुंचल्याने काढली? काही वर्षांपूर्वी हाच प्रश्न मी ती घडविणाऱ्या कारागिराला विचारला होता. तो म्हणाला, "साहेब, मी एकही फूल काढलेलं नाही. भट्टी निवत होती, तेव्हा ती आपली आपण उगवली."

या उत्तराने मी इतका भारावलो की, परत येताच एका पत्रिकेसाठी लेख लिहून टाकला. मी कला शाखेचा पदवीधर. रसायनशास्त्राशी माझा संबंध शाळेतच संपलेला. शिवाय 'मातीला आला बहर' अशा धर्तीचे मथळे देण्याचा मोह आम्हा माहिती खात्यातील मंडळींना सहसा आवरत नाही. लेखात मी जस्ताच्या भस्माचा उल्लेख केला, भट्टीचा केला, अशा फुलदाणीला शहरात काय किंमत येते तेही लिहिले. त्यातील एकही वाक्य खोटे नव्हते. दिवाळीनंतर शेजारच्या तालुक्यातील दोन कुंभार बंधू माझ्या कार्यालयात आले. त्यांनी पिशवीतून एक सुरई काढून टेबलावर ठेवली. तिच्यावर चुन्यासारखी पांढरी, खरबरीत साल धरली होती. बोट लावताच भुकटी सुटत होती. त्या वर्षी पणत्यांचा एक अख्खा आवा रद्द करून त्यांनी त्या जागी ही भांडी भाजली होती. थोरला काहीच बोलला नाही. धाकटा म्हणाला, "साहेब, तुम्ही लिहिलं होतं तसंच केलं. फुलं नाही आली."

माझ्या लेखात जे लिहावयाचे राहून गेले, ते आज आपल्यापुढे मांडावे असा माझा हेतू आहे.

भांड्यावर चढविलेली झिलई, जिला आपले कारागीर ग्लेझ म्हणतात, ती वस्तुतः काचच असते. गारगोटीची पूड म्हणजे सिलिका हा तिचा मुख्य घटक. ती वितळावी म्हणून सोडा, बोरॅक्स, चुना यांपैकी काही द्रावक मिसळतात आणि वितळल्यावर ती भांड्यावरून ओघळू नये म्हणून चिनी माती घालतात. तिच्यातील ॲल्युमिना झिलईला दाटपणा आणतो. असा दाट रस निवू लागला की त्यातील कणांना रांगेत उभे राहण्यास सवड मिळत नाही. जो जेथे असेल तेथे तो थिजतो. म्हणून काच गुळगुळीत व एकजीव दिसते. स्फटिकी झिलईत मात्र ही सवड मुद्दाम द्यावयाची असते.

याचे उदाहरण आपल्या स्वयंपाकघरातच आहे. कढवलेले तूप सावकाश निवू दिले तर ते रवाळ होते; घाईने गार केले तर रवा धरत नाही. खडीसाखरेचेही तसेच. दाट पाकात दोरा सोडून तो हलू न देता निवू द्यावा लागतो, तेव्हा त्या दोऱ्यावर खडे वाढतात. भट्टीतील फुले म्हणजे हाच प्रकार. पाक मात्र हजार अंशांहून अधिक तापलेल्या काचेचा.

या काचेतील रवा धरणारा पदार्थ म्हणजे जस्त. जस्ताचे भस्म, बाजारात ज्याला झिंक ऑक्साइड म्हणतात, आणि सिलिका यांच्या संयोगातून जस्ताचा सिलिकेट तयार होतो. निसर्गात तो विलेमाइट या नावाने खनिजरूपात सापडतो; नेदरलँड्सचा राजा पहिला विल्यम याच्यावरून हे नाव पडले. ढोबळमानाने सांगावयाचे तर या झिलईत निम्मा भाग फ्रिट म्हणजे आधीच वितळवून दळलेली काच, पाव भाग जस्ताचे भस्म आणि उरलेला भाग सिलिका असते. शंभर भागांत काही थोडे भाग टायटॅनियम ऑक्साइड घातले तर रवा धरण्यास मदत होते. चिनी माती जवळजवळ नसतेच, कारण दाट रसात स्फटिकांना हातपाय पसरता येत नाहीत.

जस्त आणि माती यांची ओळख आपल्या देशात फार जुनी आहे, हे येथे जाता जाता सांगितले पाहिजे. राजस्थानात उदयपूरजवळ झावर येथे मध्ययुगात मातीच्या मुशींतून जस्ताचे ऊर्ध्वपातन होत असे. वापरून झालेल्या त्या मुशी तेथील लोकांनी घरांच्या भिंतींत विटांसारख्या बसविल्या. 'रसरत्नसमुच्चय' या ग्रंथात जस्त काढण्याची कृती दिलेली आहे आणि आयुर्वेदातील यशदभस्म तर आजही वैद्यांच्या बाटल्यांत असते. तथापि या भस्मातून भांड्यावर फुले उमलविण्याचे काम आपल्याकडे झाले नाही. ते युरोपात झाले, आणि तेही आरंभी दोष म्हणून.

फ्रान्समधील सेव्र येथे चिनी मातीच्या भांड्यांचा सरकारी कारखाना आहे. तेथील रसायनज्ञांना झिलईत मधूनच स्फटिक धरलेले आढळत. नितळ झिलई हेच जेथे उत्तम मालाचे लक्षण, तेथे असे भांडे बाद ठरणार हे उघडच आहे. परंतु लोट आणि द्युताई या दोघांनी १८८० नंतरच्या दशकात त्या दोषाचाच पाठपुरावा केला आणि जस्ताच्या स्फटिकांवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. सरकारी कारखान्यात बाद मालाचा असा अभ्यास व्हावा, याचे मला एक सरकारी नोकर म्हणून विशेष कौतुक वाटते. त्याच सुमारास डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या रॉयल कारखान्यातही हे काम सुरू झाले. तेथील रसायनज्ञ व्हाल्डेमार एंगेलहार्ट याने ते पुढे नेले.

सेव्रचा तक्सिल दोआ हा कारागीर तर आणखी पुढे गेला. झिलयांच्या कृती जिवापाड गुप्त ठेवण्याच्या त्या काळात त्याने आपली पद्धत लिहून काढली. अमेरिकेत सिरॅक्यूज येथे 'केरॅमिक स्टुडिओ' हे मासिक चालविणाऱ्या रॉबिनो दांपत्याने ती इंग्रजीत छापली. १९०५ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. ॲडिलेड रॉबिनो ही या दांपत्यातील पत्नी. मूळची ती तयार भांड्यांवर नक्षी रंगविणारी. छापील मजकूर आणि स्वतःची भट्टी यांच्या बळावर ती स्फटिकी झिलईची अग्रगण्य कलावती झाली. १९१० मध्ये मिसूरी राज्यात दोआच्या सान्निध्यात काम करीत असताना तिने हजारांहून अधिक तास कोरीव काम करून एक पात्र घडविले. ते स्फटिकी झिलईचे नव्हे, पण त्याची हकीकत सांगण्याजोगी आहे. पहिल्या भाजणीतून ते तडे जाऊन बाहेर आले. तडे लुकणाने बुजवून रंगवून टाकावेत असा सल्ला तिला मिळाला. तिने तो मानला नाही. भाजलेल्या चिनी मातीची बारीक पूड तड्यांत भरून तिने पुन्हा झिलई दिली व पुन्हा भाजले. या वेळी पात्र निर्दोष निघाले. आज ते सिरॅक्यूजच्या एव्हरसन संग्रहालयात आहे.

आता भट्टीकडे वळू. पांढऱ्या, बारीक पोताच्या चिनी मातीचे भांडे चाकावर करून, एकदा भाजून त्यावर झिलई चढवितात. भट्टी सुमारे १२६० ते १२९० अंश सेल्सिअसपर्यंत नेतात. तेथे झिलई पाण्यासारखी पातळ होते. मग भट्टी झपाट्याने ११०० अंशांच्या आसपास उतरवितात आणि त्या सुमारास तीन, चार, कधी पाच तास तशीच धरून ठेवतात. फुले वाढतात ती या तासांत. वरच्या टोकाचे तापमान थोडे कमी पडले, तर रव्याची बीजे विरघळत नाहीत आणि भांडेभर बारीक कणी माजते. थोडे जास्त झाले, तर एकही बीज उरत नाही व भांडे कोरे निघते. धरून ठेवण्याचे तापमान चढे असेल तर स्फटिक सळयांसारखे किंवा दुधारी परशूसारखे येतात. उतरते असेल तर पंख्यासारखे गोल. कोबाल्ट घातल्यास फुले निळी होतात. तांब्याचा हिरवा रंग बहुतांशी पार्श्वभूमीत राहतो. निकेलची गंमत अशी की, फुले निळी आणि भोवतालची जमीन मधाच्या रंगाची होते.

पातळ झालेली झिलई अर्थातच खाली ओघळते. म्हणून प्रत्येक भांड्याला त्याच्याच मातीची एक बैठक आणि खाली ओघळ झेलणारी बशी करावी लागते. भाजणीनंतर बैठक छिन्नीने उडवून तळ सहाणेच्या चक्रावर घासावा लागतो. या घावातही काही भांडी जातात. माझ्या परिचयाच्या त्या कारागिराच्या भट्टीतून दहांपैकी तीन-चार भांडी दाखविण्याजोगी निघत, आणि तो स्वतःला सुदैवी समजे.

त्याची एक वही आहे. लांबट, हिशेबाच्या वहीसारखी. प्रत्येक भांड्याला क्रमांक, झिलईतील प्रत्येक जिनसाचे वजन, वरचे तापमान, धरून ठेवल्याची वेळ आणि शेवटी निकाल. निकालाच्या रकान्यात 'गळ्याला फुले, पोट कोरे', 'बशीत फुले, भांड्यावर नाहीत', 'सगळे बशीत गेले' अशा नोंदी पानोपानी आढळतात. एका खेपेस एकच गोष्ट बदलावयाची, दुसरीला हात लावावयाचा नाही, हा त्याचा नेम. भट्टी विजेची. एका रात्री ऐन धरून ठेवण्याच्या वेळी वीज गेली आणि चाळीस मिनिटांनी आली. भांडी बाद झाली असे समजून त्याने भट्टी तशीच पुढे चालू ठेवली. दुसऱ्या दिवशी प्रत्येक फुलाभोवती एक फिकट कडे उमटलेले निघाले. खोडाच्या वलयावरून झाडाचे वय कळावे, तसे वीज कधी गेली ते त्या कड्यावरून कळत होते. त्यानंतर तो तापमान मुद्दाम खालीवर करून एका फुलाला दोन-तीन कडी काढू लागला. वहीत त्या रात्रीची नोंद 'वीज गेली' एवढीच आहे.

आता त्या बंधूंची सुरई का फसली, ते आपल्या ध्यानी आले असेल. गोवऱ्या व लाकडे यांच्या आव्यात उष्णता बहुधा नऊशे अंशांच्या आतच राहते. त्या उष्णतेत हे मिश्रण वितळतच नाही; त्याचा चुना होऊन बसतो. आणि आवा बाराशे अंशांवर नेता आला असता, तरी आपल्या नद्यानाल्यांकाठची लोहयुक्त तांबडी माती तेथे उभी राहिली नसती. भांडेच लवून बसले असते. शिवाय आवा एकदा पेटला की तो हवा तेव्हा उतरविणे आणि नेमक्या अंशावर तासन् तास धरून ठेवणे कोणाच्याच हाती नसते. हे सर्व मला लिहिता आले असते. चार वाक्यांचे काम होते.

म्हणून पंचायत सदस्यांना माझी स्पष्ट विनंती आहे. कुंभार बांधवांसाठी प्रशिक्षणाची योजना आखताना कोणी ही फुलदाणी पुढे करून अनुदान मागू लागला, तर आधी माती कोणती, भट्टी कोणती आणि बाद मालाचा खर्च कोण सोसणार, हे तीन प्रश्न विचारावेत. चुलीवरच्या भांड्यांवर, पणत्यांवर आणि पोळ्याच्या बैलांवर ज्याचे घर चालते, त्याच्या गळ्यात हा प्रयोग उपजीविका म्हणून बांधू नये. ज्याला पांढऱ्या मातीचे काम शिकावयाचे असेल, त्याने बेळगाव जिल्ह्यातील खानापूर येथील खादी व ग्रामोद्योग आयोगाच्या कुंभारकाम केंद्रासारख्या ठिकाणी पाया पक्का करावा. आणि अधिकारी मित्रांना सांगावेसे वाटते की, प्रयोगासाठी पैसे दिले असतील, तर तपासणीच्या वेळी केवळ तयार नग मोजू नयेत, वहीही पाहावी. फुटलेल्या भांड्यांचा ढीग पाहून अनेकदा हप्ता अडविला जातो. ज्याच्याकडे वही आहे, त्याच्या ढिगाचा अर्थ निराळा असतो.

आरोग्याचीही काळजी घ्यावयास हवी. सिलिकेची कोरडी धूळ फुप्फुसात साठून सिलिकोसिस होतो. म्हणून पूड मिसळताना तोंडावर योग्य मुखवटा हवा आणि जमीन झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी. निकेल आणि मँगॅनीज यांची पूडही घातक असते. स्फटिकी झिलईच्या भांड्यात लोणचे, चिंच असे आंबट पदार्थ ठेवू नयेत. ही भांडी शोभेची म्हणूनच वापरावीत.

शिक्षक मित्रांसाठी मात्र हा विषय खुला आहे. त्यासाठी भट्टी नको. दोन वाट्यांत कढते तूप घेऊन एक पाण्यात ठेवावी, दुसरी कापडात गुंडाळून ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी मुलांनी दोन्हींची नोंद वहीत करावी. दर खेपेस एकच गोष्ट बदलावी.

ते दोघे बंधू आजही पणत्या करतात. धाकट्याने मध्यंतरी माझ्याकडून त्या कारागिराचा पत्ता नेला आणि तो दोन भट्ट्या त्याच्याजवळ बसून आला. परत आल्यावर त्याने आपल्या आव्याची नोंद ठेवण्यास सुरुवात केली: कोणते लाकूड, किती गोवऱ्या, वारा कोणत्या बाजूचा, किती पणत्या तडकल्या. गेल्या वर्षीची वही त्याने मला दाखविली.

त्यांची ती पांढरी सुरईही आज दालनात, निळ्या फुलदाणीच्या शेजारीच ठेवली आहे. दोन्ही अवश्य पाहाव्यात, हातात घेण्यासही हरकत नाही. फक्त फुलदाणी उचलताना तिच्या तळाला बोट लावू नये. तेथे घासलेल्या काचेची कड अजून धारदार आहे.