गटाची नवी गाडी आणि तिची निगा

  

आज बोलायचंय ट्रकच्या इंजिनाबद्दल. हसू नका. आपल्यातल्या काही गटांनी माल वाहायला स्वतःची गाडी घेतली आहे, काहींचं कर्ज मंजूर व्हायच्या वाटेवर आहे. गाडी गटाच्या नावावर, हप्ता गटाच्या खात्यातून, आणि गाडीत काय बिघडलं ते मात्र फक्त ड्रायव्हर दादांना आणि मिस्त्रीला कळतं. असं किती दिवस चालायचं? शिलाई मशीनची सुई तुटली तर आपण मिस्त्रीला बोलावतो का?

आमच्या गटाकडे आधी २००६ सालची जुनी सहाचाकी होती. टोमॅटो, फ्लॉवर, कोथिंबीर नारायणगावला आणि वाशीला न्यायची. ती विकून बीएस ६ गाडी घेतली. जुनी गाडी आमच्या ड्रायव्हर दादांच्या हातातली होती. डिझेल संपून हवा भरली की ते फिल्टरजवळचा नट सैल करायचे, हातपंप मारायचे, बुडबुडे थांबले की नट आवळायचे, गाडी चालू. इंजिनावर स्क्रू ड्रायव्हर टेकवून दांडा कानाला लावायचे आणि कुठला सिलिंडर कुरकुरतोय ते सांगायचे. नवी गाडी आली आणि पहिल्याच हंगामात दादा म्हणाले, "ताई, ही गाडी आपल्याशी बोलतच नाही. नुसते दिवे दाखवते."

फरक कुठे पडला, ते आधी सांगते. १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात नवीन गाड्या बीएस ६ नियमाच्याच विकल्या जातात. त्याच्या आधी, २०१७ पासून, देशभर बीएस ४ होतं. नियम बदलला तसं डिझेलही बदललं. आधी दहा लाख भागांत ५० भागांपर्यंत गंधक चालायचं, आता फक्त १० भाग. जुन्या गाडीच्या धुराड्यातून काळा धूर सरळ आपल्या नाकात यायचा. नव्या गाडीत तो धूर वाटेतच धरतात आणि साफ करतात. या साफसफाईसाठी जी यंत्रं बसवली आहेत, तीच नीट समजून घ्यायची आहेत. इंजिन आतून अजून तेच आहे, दट्ट्या खालीवर होतो आणि डिझेल पेटतं.

सगळ्यात जास्त त्रास देणारं यंत्र म्हणजे डीपीएफ. सायलेन्सरच्या वाटेवर एक डबा असतो, त्यात बारीक छिद्रांची जाळी. धुरातली काजळी तिथे अडकते. आता चुलीवर स्वयंपाक केलेल्या प्रत्येकीला माहीत आहे, काजळी आणि राख या दोन वेगळ्या वस्तू. काजळी पुन्हा पेटते, राख पेटत नाही. डीपीएफमध्येही तसंच. जाळी भरत आली की गाडी स्वतःच धुराची उष्णता साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत वाढवते आणि काजळी जाळून टाकते. याला रिजनरेशन म्हणतात, आमचे दादा "जाळणं" म्हणतात. राख मात्र तशीच साचत राहते, ती काही वर्षांनी डबा काढून साफ करून घ्यावी लागते.

आता आपल्या कामाची गोम ऐका. ही काजळी जाळायला गाडी काही वेळ एका दमात, बऱ्या वेगाने चालावी लागते. वाशीला जाताना ते आपोआप होतं. पण आपली गाडी दिवसभर काय करते? या वाडीतून दहा क्रेट, पुढच्या मळ्यातून वीस. अर्धा किलोमीटर चालायचं, थांबायचं. माल भरेपर्यंत इंजिन चालूच, कारण जुन्या गाडीची बॅटरी कमजोर होती आणि ती सवय लागलेली. अशा चालण्यात धूर तापत नाही, काजळी साठत जाते. मध्येच जाळणं सुरू झालं आणि आपण चावी बंद केली, तर ते अर्धवट राहतं. असं वारंवार झालं की बऱ्याच गाड्यांत न जळालेलं थोडं डिझेल खाली ऑईलमध्ये उतरतं. म्हणून ऑईलची पट्टी काढून बघताना पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका. ऑईल वाढत नसतं, पातळ झालेलं असतं. लगेच दाखवा.

आमच्या गाडीला ऐन टोमॅटोच्या हंगामात डीपीएफचा पिवळा दिवा लागला. दोन-तीन दिवस तसंच रेटल्यावर गाडीची ताकद गेली, चढाला दम टाकायला लागली. गाडी चार दिवस उभी राहिली आणि माल भाड्याच्या गाडीतून गेला. हप्ता कोणासाठी थांबत नाही, हे तुम्हाला मी काय सांगू. एका गॅरेजवाल्याने सोपा उपाय सांगितला, "डब्याच्या आतली जाळी फोडून टाकू, कॉम्प्युटरवरून दिवाही बंद करून देतो, पुन्हा कटकट नाही." नवीन डीपीएफची जी किंमत त्याने ऐकवली, ती ऐकून बैठकीत निम्म्या जणींचं मत "टाका फोडून" असंच झालं. त्यांचा राग खोटा नव्हता.

तरी आम्ही ते केलं नाही, आणि का नाही ते सांगते. एक तर गाडीच्या मूळ रचनेत असा बदल कायद्याला चालत नाही. पकडलं तर आरसी गटाच्या नावावर आहे, गॅरेजवाल्याच्या नाही. वॉरंटीही जाते. आमच्या एक वयस्कर मावशी त्या बैठकीत वेगळंच बोलल्या. म्हणाल्या, "आयुष्यभर चुलीचा धूर गिळला, आता कुठे गॅस आला. गाडी माझ्या अंगणात उभी असते, नातवंडं तिथंच खेळतात. तो धूर मी परत दारात आणू?" ठराव झाला. गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. जाळी खराब झालेलीच नव्हती, फक्त भरलेली होती. त्यांनी कॉम्प्युटर लावून उभ्या गाडीत काजळी जाळून दिली. नवीन डबा घ्यावा लागला नाही.

त्यानंतर आम्ही चालवण्याची पद्धत बदलली. माल भरताना इंजिन बंद. मळ्यामळ्यात फिरण्यापेक्षा तीन ठिकाणी माल एकत्र आणून ठेवायचा, तिथूनच उचलायचा. आणि दिवा लागला की त्याच दिवशी हायवेला एक सलग फेरी. तेवढ्यानेही दिवा गेला नाही तर उभ्या गाडीत जाळायचं बटण आहे, पण ते कधी आणि कसं दाबायचं हे आपापल्या गाडीच्या पुस्तकात बघा, प्रत्येक गाडीचं वेगळं असतं. एक गोष्ट सगळ्यांना सारखीच लागू आहे. ते बटण दाबताना गाडी उसाच्या पाचटावर, कडब्याच्या गंजीजवळ, वाळल्या गवतात उभी करू नका. सायलेन्सर त्या वेळी इतका तापतो की आग लागू शकते. मोकळी जागा, मुलं लांब.

दुसरी वस्तू निळ्या झाकणाची टाकी. ड्रायव्हर लोक तिला युरियाची टाकी म्हणतात आणि इथेच घोटाळा होतो. एका काकूंनी मला विचारलं, "घरात युरियाची गोणी पडलीय, मग ही वीस लिटरची बादली विकत कशाला घ्यायची?" प्रश्न अगदी रास्त आहे. या द्रवात, डीईएफ म्हणतात त्याला, साडेबत्तीस टक्के युरियाच असतो, बाकी शुद्ध केलेलं पाणी. तो गरम धुरात फवारला की त्याचा अमोनिया होतो. गोठ्यात नाकाला झोंबतो ना, तोच. हा अमोनिया धुरातल्या विषारी नायट्रोजनच्या वायूंना धरतो आणि त्यांचा साधा नायट्रोजन आणि वाफ होते. पण आपल्या शेतातल्या गोणीवर कडुनिंबाच्या तेलाचा थर असतो, इतरही काही मिसळलेलं असतं. विहिरीच्या पाण्यात क्षार असतात, घरातल्या पातेल्याच्या तळाशी बसतात ते आपण बघतोच. हे सगळं त्या बारीक फवाऱ्यात आणि पुढच्या डब्यात जाऊन बसतं आणि महागडं सामान कायमचं जातं. गोणी पिकाला घाला, गाडीला सीलबंद बादलीच.

साधारण शंभर लिटर डिझेलमागे तीन ते पाच लिटर डीईएफ लागतं, म्हणजे हिशेबाच्या वहीत त्याचा वेगळा रकाना ठेवा. टाकी रिकामी होत आली की गाडी आधी सूचना देते, ऐकलं नाही तर ताकद कमी करते. आणि चुकून डीईएफ डिझेलच्या टाकीत किंवा डिझेल निळ्या टाकीत ओतलं गेलं, तर चावी फिरवूसुद्धा नका. तशीच उभी ठेवून मिस्त्रीला बोलवा, म्हणजे टाकी धुण्यावर भागेल.

आता एक धोक्याची गोष्ट, जरा लक्ष द्या. जुन्या गाडीत दादा इंजिन चालू ठेवून नोझलच्या नळ्या एकेक सैल करून बघायचे. नव्या गाडीत त्या नळ्यांत दीड-दोन हजार बारचा दाब असतो. ट्रकच्या टायरमधल्या हवेच्या दाबाच्या जवळजवळ दोनशे पट. गळतीतून येणारी बारीक धार दिसतही नाही, पण कातडीतून आत घुसते. वरून टाचणी टोचल्याएवढीच खूण दिसते, आत मात्र डिझेल पसरतं आणि बोट, हात जाऊ शकतो. असं झालं तर हळद लावून बसू नका, दुखत नसलं तरी लगेच दवाखाना, आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा की दाबाखालचं डिझेल आत गेलंय. घरातल्या पुरुषांना हे आज रात्री जेवताना सांगा. फिल्टर बदलल्यावर हवा काढायची असेल तर फिल्टरवरचा हातपंप किंवा चावी ऑन करून ठेवल्यावर चालणारा इलेक्ट्रिक पंप, एवढंच. जाड नळ्यांना हात नाही.

म्हणून डिझेलही स्वच्छच लागतं. कॅनमध्ये भरून ठेवलेलं, फडक्यातून गाळलेलं नको. फिल्टरखाली पाणी साठण्याची वाटी असते, ती पावसाळ्यात वरचेवर सोडायची. ऑईलसुद्धा दुकानदार देईल ते नाही, पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच. मघाशी राखेचं बोलले ना, साध्या ऑईलची राख जास्त होते आणि ती त्याच जाळीत जाऊन बसते.

बाकी छोट्या गोष्टी पटकन सांगते. घाट चढून आल्यावर चावी लगेच बंद करू नका, मिनिट-दोन मिनिटं इंजिन नुसतं फिरू द्या, टर्बो गार होतो. चावी बंद केल्यावर बॅटरीची वायर लगेच सोडू नका, डीईएफचा पंप आपली नळी रिकामी करत असतो. बॉडीला वेल्डिंग करायचं असेल तर बॅटरी आधी सोडायची. इंजिनावर प्रेशरने पाणी मारायचं नाही. उंदरांचा बंदोबस्त करा. हे मी गमतीने सांगत नाही, उसाच्या भागात उंदरांनी वायर कुरतडली की मिस्त्रीला दोन दिवस फॉल्ट सापडत नाही.

दिव्यांचा एक साधा नियम गटात सगळ्यांना पाठ करायला लावा. लाल दिवा, गाडी बाजूला घेऊन बंद. पिवळा दिवा, काम उरका पण आज-उद्यात दाखवा. तारीख, किलोमीटर आणि दिव्याचं चित्र वहीत काढायचं. आमच्या गटातल्या बारावी झालेल्या एका सूनबाईंनी मोबाईलला जोडायचा छोटा स्कॅनर वापरायला शिकून घेतला. गाडीच्या सॉकेटमध्ये लावला की फॉल्टचा नंबर मोबाईलवर दिसतो. पण नंबर दिसला म्हणजे कुठला पार्ट बदलायचा ते कळलं, असं नाही. मागच्या पावसाळ्यात टर्बोचा दाब कमी असल्याचा नंबर आला. गॅरेजने नवीन टर्बोचा खर्च सांगितला. दादांनी बॉनेट उघडलं, सूनबाईंना एक्सिलेटर दाबायला सांगितला आणि कान दिला. बारीक सूंऽऽ आवाज येत होता. टर्बोकडून येणाऱ्या रबरी नळीची क्लिप सैल झाली होती. पान्याने आवळली, सूनबाईंनी नंबर पुसला, तो परत आला नाही.

तेव्हापासून दादा त्यांना गाडीवरच्या सगळ्या तपासण्यांना बोलावतात. पहिल्यांदा बोलावलं तेव्हा त्यांच्या सासूबाई म्हणाल्या, "पोरीला ग्रीसमध्ये कशाला घालता?" आता त्याच सकाळी विचारतात, पट्टी बघितली का गं.

ज्या गटांची गाडी यायची आहे, त्यांनी गाडी ताब्यात घेताना तीन गोष्टी मागून घ्या. मराठी किंवा हिंदी पुस्तक, सर्व्हिसचं वेळापत्रक लेखी, आणि डीपीएफ, डीईएफचे दिवे कुठले ते दाखवण्यासाठी अर्धा तास. त्या अर्ध्या तासाला ड्रायव्हरबरोबर गटातल्या निदान दोघी जणी गेल्या पाहिजेत, आणि त्यातली एक लिहून घेणारी असू द्या. पुढच्या मंगळवारी ग्रामसंघाच्या बैठकीनंतर आमची गाडी शाळेमागच्या मैदानात उभी असेल. ऑईलची पट्टी, पाण्याची वाटी आणि निळं झाकण प्रत्येकीने स्वतःच्या हाताने उघडून बघायचंय. येताना जुनं फडकं घेऊन या.