मुदत टळली तरी दाद मागता येते



टेंभी नाक्यापासून जवळच, कोर्ट नाक्यावर, ठाण्याचे जिल्हाधिकारी कार्यालय आहे. विनापरवाना दगड वा मुरूम काढल्याबद्दल महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ खाली झालेला दंड न भरल्यास तो महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होतो. तहसीलदारांच्या अशा आदेशाविरुद्ध तो मिळाल्यापासून ६० दिवसांत अपील करावे लागते. नकलेसाठी लागलेला काळ त्यातून वगळला जातो. मुदत टळल्यास कलम २५१ अन्वये विलंबाचे पुरेसे कारण अपिली अधिकाऱ्यास पटवावे लागते. विलंब माफ झाला म्हणजे दंड माफ झाला, असे नव्हे. केवळ सुनावणीचे दार उघडते. म्हणून आदेश हाती पडल्याचा दिनांक लिहून ठेवावा. निरक्षर खाणचालकास आदेश वाचून दाखविणे, हे शिक्षक व पंचायत सदस्यांचे कर्तव्यच होय.